न्यूझीलंडला दोनदा नाही म्हटलं त्याची हकिकत

मु. पो. मोर्शी, जि. अमरावती

तीर्थरूप मैनाताईच्या पायांशी, गुडघे वाकत नसल्यामुळे उभ्यानेच, धाकट्या भगवंताचा नमस्कार.

तुझी तब्येत कशी आहे? बीपी, साखर आणि सून, तिन्ही काबूत असतील अशी आशा करतो. (हे पत्र सूनबाई वाचून दाखवणार असतील तर त्यांनी मागचं वाक्य गाळावं. पोर गुणाची आहे, माझ्या हातून आपलं सवयीनं लिहून गेलं.) डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुला तेल्हाऱ्याच्या एसटीवरची पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचता येते असं ऐकलं. तेव्हा हे पत्र तू स्वतःच वाचावंस, आणि शक्यतो आतल्या खोलीत. कपाशीवर यंदा अळी किती, दवाई किती वेळा मारली, तेही कळव. माझी प्रकृती उत्तम आहे. सकाळी खाटेवरून उठताना दोन्ही गुडघे आधी आपसात सल्लामसलत करतात आणि मग मला उठू देतात, एवढंच. बाकी जेवण जातं, औषध जातं, दिवसही जातो.

फोन असताना याला पत्राचं काय सुचलं, असं तू म्हणशील. ताई, तुझा फोन सदा स्पीकरवर असतो. मागे मी पोट साफ होत नाही म्हणून तुला विचारायला गेलो, तर तुझ्याकडे वेचणीला आलेल्या चार बायांनी चार औषधं सांगितली. त्यातलं एक लागू पडलं, हे कबूल. पण आजची गोष्ट वेचणीच्या बायांना सांगण्यासारखी नाही. खरं म्हणजे तुलाही सांगण्यासारखी नाही, पण दुसरं आहे कोण मला?

तर प्रणालीची बातमी तुला कळलीच असेल. ती आणि जावईबापू योगेश दिवाळीनंतर न्यूझीलंडला चालले. तिकडे हॅमिल्टन नावाचं शहर आहे, तिथे योगेशरावांना दुधाच्या एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम मिळालं आहे. (दुधात कॉम्प्युटरचं काय काम, हे मी विचारलं नाही. आपण पाणी घालतो, ते आणखी काही घालत असतील.) काही वर्षांसाठी म्हणतात, पण असं म्हणून गेलेलं कोणी परत आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पोरीनं मला ‘तुम्ही चला’ म्हटलं होतं. मी ‘नाही’ म्हणालो. गावात सगळ्यांना मी सांगत फिरतो आहे की बापा, कसा शहाणपणाचा निर्णय घेतला, या वयात कोण जातं तिकडे मरायला. लोकही माना डोलावतात. पण तुला खरं सांगतो, ताई, मला पश्चात्ताप होतो आहे. ताटावर बसलो की होतो, कुलूप लावताना होतो. माझ्या हातून मोठी चूक झाली. ती कशी झाली हे मी सविस्तर लिहितो, कारण ही चूक मी एकट्यानं केलेली नाही. ती आपल्या घराण्याची चूक आहे आणि तिच्यात तुझा वाटा सगळ्यात मोठा आहे. तो पुढे ओघात येईलच.

उन्हाळ्यात दोघं मोर्शीला आले होते. संध्याकाळी मी ओट्यावर पाणी शिंपडून बसलो होतो, तेव्हा प्रणाली बाजूला येऊन बसली आणि म्हणाली, “बाबा, आम्ही ठरवलं आहे. तुम्ही पण आमच्यासोबत चला. इथं एकटे कशाला राहता?” (बंगलोरला आठ वर्षं नोकरी करून तिची भाषा फार शुद्ध झाली आहे. आपण काही बोललो की ती अडखळत नाही, पण अडखळल्यासारखं करते.) ताई, तुझ्यापासून काय लपवू, मला फार आनंद झाला. तुझी भावजय चंदा जाऊन पाच वर्षं होतील. या पाच वर्षांत मला कोणी ‘चला’ म्हटलेलं नाही, दवाखान्यातली नर्स सोडून. पण आनंद झाला म्हणून माणूस लगेच हो म्हणतो काय? समोरच्या देवीदासाकडे अर्ध्या कप चहालासुद्धा आपण ‘आत्ताच घेऊन आलो’ म्हणतो. आणि इथे तर पोरगी अख्खा देश वाढत होती. मी म्हणालो, “मी काय करू तिकडं येऊन? आन् परवडते काय तुमाले?”

तिनं दुसऱ्यांदा विचारलं. विचारलं नाही असं मी म्हणणार नाही. म्हणाली, परवडतं बाबा, आम्ही सगळा हिशोब केला आहे, आईवडिलांना पाच वर्षं सोबत राहता येईल असा व्हिसा मिळतो, विमा काढला की झालं. आता दुसऱ्या वेळचं ‘नाही’ हे कारणासहित द्यावं लागतं, ही आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे. पहिलं नाही नुसतं, दुसरं कारण सांगून, आणि तिसऱ्या वेळी ‘आता तुम्ही एवढं म्हणता तर’. तेव्हा मी म्हणालो, पाहू दे तर मला तुमचा हिशोब. आणि इथून पुढे सगळा घोळ झाला.

तर हा समोरचा देवीदास. त्याचा भाचा दुबईला एसी दुरुस्त करतो, त्यामुळे परदेशाच्या बाबतीत मोर्शीत देवीदासाचा शब्द शेवटचा. त्याला विचारलं, डॉलरचा भाव काय? तो म्हणाला, नव्वदीच्या घरात. मी कागद घेऊन बसलो आणि योगेशरावांनी सांगितलेल्या तिकडच्या सगळ्या भावांना नव्वदीनं गुणत सुटलो. भाजी, दूध, घरभाडं, बसचं तिकीट. जे आकडे आले ते पाहून मला जावयाची इतकी कीव आली की मी फोन करून विचारलं, मोर्शीचं घर विकून पैसे पाठवू काय? तेव्हा त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं की बाबा, तो अमेरिकेचा डॉलर, न्यूझीलंडचा वेगळा असतो, तो पन्नासच्या आसपास आहे. आता हे मला कोणी सांगायचं? मला वाटायचं डॉलर म्हणजे डॉलर. पण डॉलरचंही आपल्या भाऊबंदांसारखंच आहे म्हण ना, आडनाव एक आणि ऐपत वेगवेगळी. देवीदासाला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, न्यूझीलंडनं आपला डॉलर सोडून दुबईचा दिरहम घ्यावा, त्यात बरकत आहे.

पण पन्नास म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पन्नास रुपये म्हणजे आपल्या नर्सरीतल्या संत्र्याच्या एका कलमाचा भाव! (मी नर्सरी बंद केली त्या साली हाच होता. आताचा मला कोणी सांगू नये, वाईट वाटतं.) एक डॉलर, एक कलम. चाळीस वर्षं जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून बांधून माझे हात वाकडे झाले, तेव्हा कलमाची किंमत मला जेवढी कळते तेवढी रुपयाचीही कळत नाही. मग मी सगळा हिशोब नव्यानं कलमांत मांडला आणि ताई, माझे डोळे पांढरे झाले. तिकडे साधी कटिंग पस्तीस डॉलरला. म्हणजे पस्तीस कलमं. माझ्या डोक्यावर आता पस्तीस केस नाहीत. एका हजामतीत बारा गुंठे बाग उडते. किलोभर संत्री हंगामात चार डॉलर. म्हणजे चार झाडं देऊन एक किलो संत्री घ्यायची! ही कोणती शेती झाली? आणि सांभार (प्रणाली आता कोथिंबीर म्हणते), आपल्याकडे वांगी घेतली की भाजीवाली न मागता पिशवीत टाकते तो सांभार, त्याची एवढीशी जुडी तीन कलमांना. घरभाडं तिकडे महिन्याचं नसतं, आठवडी बाजारासारखं दर आठवड्याला. तीन खोल्या झोपायच्या असलेलं घर साडेपाचशे. एकरी शंभर-सव्वाशे झाडं धर, म्हणजे दर सोमवारी सकाळी पाच एकर बाग घरमालकाच्या हातात द्यायची. पाच एकर बाग उभी करायला आपल्या माणसाचं अर्धं आयुष्य जातं ना गं.

(पगारसुद्धा कलमांतच काढून पाहायला पाहिजे, हे मला जरा उशिरा सुचलं. काढला. महिन्याला पन्नास एकर बाग घरात येत होती. हे मी देवीदासाला सांगितलं नाही, आणि कागदाचा तेवढा कोपरा दुमडून ठेवला.)

त्या रविवारी दोघांचा व्हिडिओ कॉल आला. मी अंघोळ करून, टोपी घालून बसलो होतो. साक्षीला देवीदास होता. मी सुरुवात केली ती कटिंगपासून, आणि मग थांबलोच नाही. सांभार झाला, संत्री झाली, नळ दुरुस्त करायला माणूस आला तर त्याची सव्वाशे कलमं झाली, पाच एकराचं भाडं झालं. ताई, मी आयुष्यात इतका चांगला कधी बोललो नाही. बाजार समितीच्या निवडणुकीत असा बोललो असतो तर निवडून आलो असतो. देवीदास मधूनमधून ‘बराबर हाय’ म्हणत होता. शेवटी मी आवाज जरा खाली आणला आणि म्हणालो की एका म्हाताऱ्यासाठी तुम्ही एक खोली जास्तीची घेणार, त्याचा विमा भरणार, त्याच्या कटिंगला बारा गुंठे घालणार, कशासाठी? माझं काय, मी राहतो इथं. आणि थांबलो.

आता तूच सांग, याच्यानंतर समोरच्या माणसानं काय म्हणायचं असतं? ‘बाबा, पैशाचं काय घेऊन बसलात!’ असं म्हणायचं असतं. पोरीनं डोळ्याला पदर, म्हणजे ओढणी, म्हणजे ती जे घालते त्याची बाही लावायची असते. जावयानं ‘तुम्ही नाही तर आम्हीही नाही’ म्हणायचं असतं, म्हणायला काय जातं? मग मी म्हणणार होतो, ‘आता तुमची एवढीच इच्छा हाय, तर पाहू.’ हे वाक्य मी दोन दिवस दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. ‘पाहू’ वर किती थांबायचं, तेही ठरलं होतं. पण तिकडे दोघं गप्प. मला वाटलं, नेट गेलं. देवीदासानं फोन हलवून पाहिला. मग योगेशराव म्हणाले, “बाबा, तुमचं बरोबर आहे. तुम्ही खूप विचार केला आहे.” आणि माझी पोरगी, डोळे भरलेले, नाक लाल झालेलं, मला म्हणते, “बाबा, आम्ही तुमच्या निर्णयाचा आदर करतो.”

आदर! ताई, आपल्या घराण्यात कोणी कोणाच्या निर्णयाचा आदर केलेला तुला आठवतो? मी मॅट्रिकनंतर शिकत नाही म्हटलं, बाबांनी कानाखाली वाजवून अमरावतीच्या कॉलेजात बसवलं. तू लग्न एवढ्यात नको म्हणालीस, तेरा दिवसांत तुझ्या अंगाला हळद लागली. चंदा म्हणायची मला दागिना नको, तरी मी केला, आणि नसता केला तर तिनं मला जन्मभर ऐकवलं असतं. कोणाचा आदर करायचा म्हणजे त्याला सोडून द्यायचं, हे आपल्याला कोणी शिकवलंच नाही. आपल्याकडे माणसाला धरून ठेवतात, हात ओढतात, चपला लपवतात. आदर परक्याचा करतात.

आणि आता तुझा वाटा. तुझ्या मोठ्या पोराच्या लग्नाची पंगत आठव. मी चौथी पोळी नको म्हणून दोन्ही हात ताटावर आडवे धरले होते. तू काय केलंस? तू माझ्या बोटांच्या फटीतून तूप सोडलंस. गरम तूप, ताई. बोटाला फोड आला होता. आणि वरून पोळी हातावर ठेवून म्हणालीस, “हात काढ, नाहीतर हातासगट खा.” मी ती पोळी खाल्ली, आणि तिच्यानंतरची पण खाल्ली. आणि माझ्या आयुष्यात मला इतकं बरं क्वचितच वाटलं असेल. तुम्ही बायांनी आम्हाला असं वाढवलं. आम्ही नाही म्हणायचं आणि तुम्ही ते ऐकायचं नाही, हा करार होता. त्या करारावर विसंबून मी पासष्ट वर्षं बिनधास्त नाही म्हणत आलो. आता समोर अशी पोरगी बसली आहे जी नाही म्हटलं की वाटी बाजूला नेऊन ठेवते. बंगलोरला त्यांना ऑफिसात वर्ग घेऊन शिकवलं म्हणे, समोरचा नाही म्हणाला की नाही समजायचं, पुन्हा विचारून त्याला त्रास द्यायचा नाही. चांगलंच शिकवलं असेल. जगात त्याची गरजही असेल. पण मोर्शीच्या बापाला त्यातून वगळायला पाहिजे होतं.

चंदा असती तर हे झालंच नसतं. तिनं पोरीला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं असतं, “तुह्या बापाचं आयकू नोको, त्याची बॅग भर.” माझं अर्धं बोलणं तीच बोलायची. ती गेल्यापासून मी जे बोलतो तेवढंच लोकांना ऐकू येतं, आणि जे बोलत नाही ते कोणालाच ऐकू येत नाही. माझी किती पंचाईत झाली आहे, हे मला आत्ता आत्ता कळायला लागलं आहे.

त्यानंतर मी काही खुणा करून पाहिल्या. नाही असं नाही. एकदा फोनवर सहज विचारलं, तिकडे थंडी किती असते? म्हटलं, तिला कळेल की बाप स्वेटरचा विचार करतो आहे. तिनं मला बारा महिन्यांचं तापमान पाठवलं, रंगीत चित्रासह. मग विचारलं, तिकडे संत्र्याला कोणता खुंट वापरतात, नर्सरीवाले हाताखाली माणसं ठेवतात काय? योगेशरावांनी त्यावर मला एक व्हिडिओ पाठवला, पाऊण तासाचा, इंग्रजीत. शेवटी मी अमरावतीला जाऊन एक मोठी, चार चाकांची, निळी बॅग विकत आणली. म्हटलं, आता तरी विचारतील, बाबा, तुम्हाला एवढी बॅग कशाला? मी फोनवर बॅग दाखवली. प्रणालीचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, समजलं पोरीला! ती म्हणाली, “बाबा, किती विचार करता तुम्ही आमचा! आम्हाला एक बॅग कमीच पडत होती.” गेल्या महिन्यात योगेशराव आले आणि बॅग घेऊन गेले. जाताना पाया पडले. मी ती बॅग त्यांना गाडीत ठेवू लागलो. मीच उचलली, ताई, या गुडघ्यांनी.

परवा कळलं की त्यांनी तिकडे घर ठरवलं. आधी तीन खोल्यांचं पाहिलं होतं, ते सोडून दोन खोल्यांचं घेतलं. ‘तुमच्या हिशोबामुळे डोळे उघडले बाबा, आठवड्याला शंभर डॉलर वाचले,’ असं जावईबापू म्हणाले. शंभर कलमं. माझ्या झोपायच्या खोलीचा भाव मी स्वतः पाडला आणि स्वतःच ती विकून टाकली. गिऱ्हाइकानं भाव न करता वर आभार मानले, असा धंदा मी नर्सरीत कधी केला नव्हता.

आता इकडच्या स्वस्ताईचं सांगतो, म्हणजे हिशोब एकांगी नको. इथे कटिंगला साठ रुपये, आणि न्हावी वर राजकारण फुकट सांगतो. दूध दारात येतं. संत्री तर मला विकत घ्यावीच लागत नाहीत, ज्यांना ज्यांना मी झाडं दिली ते आणून टाकतात. पण ताई, पाव किलोच्या खाली कोणी भाजी देत नाही, आणि पाव किलो वांगी मला चार वेळा पुरतात. तिसऱ्या वेळी मी ती टाकून देतो. भाजीवाली सांभार फुकट टाकते, मी तो घरी आणतो, फ्रिजमध्ये ठेवतो, चार पानं वरणात घालतो, बाकीचा काळा पडतो. दर आठवड्याला मी काळा सांभार फेकतो आणि दर आठवड्याला नवा आणतो, कारण भाजीवालीला ‘नको’ म्हटलं तर ती पुन्हा देते. निदान ती तरी देते. तिकडे तीन डॉलरला जुडी आहे, पण तीन माणसांत ती एका जेवणात संपली असती. हा हिशोब मला त्या रविवारी टोपी घालून बसलो तेव्हा सुचायला पाहिजे होता. देवीदासालाही सुचला नाही. आम्ही दोघं म्हातारे नुसते भाव करत बसलो, आणि जेवायला कोण आहे ते मोजायचं राहून गेलं.

असो. लिहावं तेवढं थोडं आहे. तू माझी काळजी करू नकोस. मी माझ्या निर्णयावर ठाम आहे. या वयात मातीतून उपटून निघण्यात अर्थ नाही, असं सगळे म्हणतात, मीही म्हणतो. (चाळीस वर्षं मी झाडं उपटून गोणपाटात बांधूनच विकली आणि ती सगळी जगली, ही गोष्ट वेगळी.) घरच्या सगळ्यांना आशीर्वाद, सूनबाईंना विशेष. कपाशीचं कळव.

तेल्हाऱ्याच्या दिशेला तोंड करून पुन्हा एकदा नमस्कार करणारा,
तुझा भाऊ,
भगवंत

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. येत्या रविवारी प्रणाली आणि योगेशराव जाण्याआधी तुझ्या पाया पडायला तेल्हाऱ्याला येणार आहेत. तू पुरणाची पोळी करशीलच. दोन पोळ्यांनंतर प्रणाली नको म्हणेल, कारण ती आता मोजून खाते. तू वाढ. ती हात आडवा धरेल. तू तरी वाढ. (तूप कोमट असू दे, पोरीचा हात आहे.) ती ‘आत्या, नको ना’ म्हणत म्हणत खाईल, आणि खाताना तिच्या चेहऱ्याकडे पाहा. नेमकं तेव्हाच, ताटावरच, तिला सांग की बाई, तुझ्या बापाचं ‘नाही’ असंच होतं. पोळी संपायच्या आत सांग, नंतर ते दोघं घड्याळ पाहायला लागतात.

ता. क. २ : मी लिहिलं म्हणून सांगू नकोस. तुझ्याच मनात आलं असं दाखव. आणि तिनं मला पुन्हा विचारलं तर मी एकदा ‘नाही’ म्हणणार आहे, ती सवय आता जात नाही. तिनं तिकडे लक्ष देऊ नये, एवढं तिच्या कानावर घाल.

ता. क. ३ : पासपोर्ट आला आहे. पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा देवीदासानं विचारलं, कुठं चालले? मी नाशिकला म्हणून सांगितलं. तो दोन दिवस विचारात होता. खोली नसली तरी चालेल, मी बैठकीत झोपतो असंही प्रणालीला सांग, पण एकदम सांगू नकोस, तिनं अडचण काढली तर सांग.

ता. क. ४ : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. आता पुस्तकी भाषा राहू दे. बाई, तू सांगशीन आन् पोरगी आयकंन, मले माईत हाय. तुहं कोनी टाळलं नाही अजून. पाच वर्षाचा व्हिसा हाय म्हन्ते. मी सदुसष्टचा, तू चौऱ्याहत्तरची. तिकडून राखीले येनं होत नाही. हा हिशोब मी कोन्त्याच पैशात केला नाही, करवला नाही मले. म्हनून एक मांगतो. पोरीले ‘बापाले घेऊन जा’ म्हनजो. पन मले फोन करशीन तवा एकडाव ‘नोको जाऊ भगवंता’ म्हनजो. मी आयकनार नाही. पन तू म्हनजो. अन् म्या नाही म्हनलं का, अजून एकडाव म्हनजो.